कोयरीची बाजू

जयसिंगरावांचं हाड जुळलं, पण माणूस काही उठेना. जिन्यावरून पडले त्याला आता बरेच महिने झाले. "आता उठून बसले नाहीत, तर कायमचे अंथरुणाला खिळतील," असं डॉक्टरांनी बकुळाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हापासून बिचारीच्या जिवाला नुसता घोर. आणि हे आपले गल्लीकडच्या खोलीत, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. 'हूं' आणि 'ऊंहूं' सोडून शब्द नाही. अहो, ज्यांचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जायचा, ते हे!

दिवाळी आली. बकुळाताईंनी माळ्यावरून आकाशकंदिलाचा सांगाडा काढला. कामट्या जयसिंगरावांच्याच हातच्या, कागद मात्र यंदा ताईंनी चिकटवला. एका बाजूला कोयऱ्या कापलेल्या, दुसरी बाजू कोरी. कोयरीची बाजू बघणाऱ्याकडे हवी, हा जयसिंगरावांचा दंडक. या हिंदी मुलखातल्या आख्ख्या गल्लीत मराठी घर हे एकच, कंदीलही एवढ्या एकाच घरी, त्यामुळे तोरा केवढा!

"अहो, कंदील कुठं लावू?"

"कुठंही लाव."

 दरवर्षी शिडीवर चढून बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत खिळ्याची जागा ठरवणारा हा माणूस, आणि 'कुठंही'?

गच्चीवर लावावा, तर खाटेवरून दिसायचा नाही. दाराशीही तेच. शेवटी त्यांनी खोलीतच पंख्याच्या हुकाला लावून बघितला.

"आकाशकंदील म्हणतात त्याला," भिंतीकडूनच आवाज आला. "छताखाली कसला टांगतेस?"

खाटेवरून खिडकीबाहेर एकच गोष्ट दिसायची, अरुंद गल्लीपलीकडची श्यामसुंदरची बाल्कनी. नेमकी त्याचीच! एके काळी दोघांचं गूळपीठ होतं. मग श्यामसुंदरच्या गच्चीवरची टाकी वाहून यांची भिंत ओली झाली, त्यावरून तोंडातोंडी झाली, आणि तेव्हापासून अबोला. दोघंही हट्टाला पेटलेले. बायका मात्र लक्ष्मी ताल या तळ्याकाठी देवीच्या दर्शनाला अजून जोडीनं जायच्या, घरी न सांगता.

बकुळाताईंनी पदर खोचला, कंदील उचलला आणि समोरचं दार वाजवलं. दार श्यामसुंदरनंच उघडलं.

"भैया, एक काम है," ताई म्हणाल्या. डोळे भरून आले. "वो लेटे रहते हैं। खिड़की से बस आपकी बाल्कनी दिखती है।"

श्यामसुंदरनं कंदील हातात घेतला, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. "ठीक है, भाभी। शाम को टाँग देंगे।" बस, एवढंच.

दिवेलागणीला बाल्कनीत कंदील लागला. खोलीत लालसर उजेड आला.

"अहो, बघा तरी इकडे."

जयसिंगरावांनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिले. मग कपाळाला आठी पडली.

"उलटा लावलाय."

"म्हणजे?"

"कोयरी त्याच्या घराकडे, कोरी बाजू आपल्याकडे. एवढी वर्षं बघतोय, तरी अक्कल नाही!"

"मग सांगा की त्यांना."

"मी नाही बोलत त्याच्याशी."

भिंतीकडे वळले. क्षणभरानं परत खिडकीकडे. श्यामसुंदर बाल्कनीतच होता. त्यानं कंदील थोडा फिरवला, आणि पुन्हा होता तसा करून ठेवला. इथे जयसिंगरावांचं डोकंच फिरलं.

"ए श्याम! अंधा है क्या? घुमा उसको!"

"काए भैया?" श्यामसुंदरनं कानाला हात लावला. "लेटे-लेटे क्या बोल रहे हो? सुनाई नहीं देता!"

जयसिंगरावांनी कोपर टेकलं. दात-ओठ खात खिडकीचा गज धरला, आणि उठून बसले. चक्क बसले! "इधर! फूल-पत्ती इधर! सारी उमर गधे का गधा ही रहा!"

बकुळाताई तोंडाला पदर लावून दाराशी उभ्या. हसत होत्या की रडत, त्यांचं त्यांनाच कळेना. नवऱ्याच्या तोंडच्या शिव्या इतक्या गोड लागतील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फराळाचं ताट घेऊन त्या समोर गेल्या. "भैया, ग़लती से उलटा लग गया, पर देखिए कितना अच्छा हुआ!"

श्यामसुंदरनं चकली मोडून तोंडात टाकली. "ग़लती? भाभी, इतने साल नीचे खड़े होकर नसैनी किसने पकड़ी? भैया ऊपर से चिल्लाते थे, सुनता कौन था? मुझे नहीं मालूम होगा सीधा किधर है?"

 ताईंनी ताट ठेवलं आणि सरळ हात जोडले.

"अरे, ये क्या! बड़ी हो आप। और सुनो, बताना मत उनको। आज फिर उलटा टाँगूँगा।"

घरी येऊन ताई स्वयंपाकाला लागल्या. ऊन उतरायला लागलं, तशी गल्लीकडच्या खोलीतून हाक आली. केवढ्यानं! गल्लीच्या त्या टोकाला गेली असेल.

"अगं, कुठं आहेस? मला उशी दे पाठीला, बसव. दिवे लागायची वेळ झाली, आणि तो गाढव आज पुन्हा चुकणार बघ!"

"हो, चुकतील खरे," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी एकाऐवजी दोन उशा पाठीला लावल्या.