रविवारचा सूर्य

बाबांच्या उजव्या तळहातावरचा दुसरा डाग तिला चहाचा कप देताना दिसला. वाटाण्याएवढा, गोल, कडेने लाल. पहिला अजून पुरता बरा झाला नव्हता.

"हे काय, बाबा?"

"तव्याचा चटका."

बाबांनी जन्मात तवा हातात धरला नव्हता.

वेधशाळेत दर रविवारी सकाळी बाबा लोकांना सूर्य दाखवत. आधी खालच्या सभागृहात व्याख्यान, मग वर घुमटात दुर्बिणीपाशी रांग. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर काळा फिल्टर बसवावा लागतो. तो नसला तर डोळा लावणाऱ्याची नजर कायमची जाते, आणि जाताना दुखतसुद्धा नाही. म्हणून बाबांची एक रीत होती. पहिल्या माणसाला बोलावण्याआधी ते स्वतःचा तळहात दुर्बिणीच्या मागच्या टोकाशी धरत. "हाताला मलम मिळतं," ते म्हणत, "डोळ्याला नाही मिळत." इतक्या वर्षांत त्या हाताला कधी काही झालं नव्हतं. आता दोन डाग. म्हणजे बाबा फिल्टर लावायला दोनदा विसरले होते आणि दोन्ही वेळा हाताने निभावून नेलं होतं.

घरातलं विसरणं तिने अंगवळणी पाडून घेतलं होतं. उघडा राहिलेला नळ, आईला जाऊन वर्ष झाल्यावरही तिला मारलेली हाक. हे मात्र निराळं होतं. तिने आत्याला फोन केला.

"अगं, त्याचं तेवढं एकच उरलंय," आत्या म्हणाली. "तेही काढून घेतलंस तर तो जगेल कशावर? तू जात जा सोबत. लक्ष ठेव."

ती जाऊ लागली. व्याख्यान सुरू होण्याआधी गुपचूप वर जाऊन फिल्टर जागेवर आहे ना, ते बघून येई.

त्या रविवारीही तो जागेवर होता. व्याख्यान तर फारच रंगलं. आदल्या रात्री जेवलो का हे न आठवणारा माणूस तरुणपणी पाहिलेलं खग्रास ग्रहण असं सांगत होता, की लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. "भर दिवसा अंधारलं. आणि आमची बायको, जिला या सगळ्यात काडीचा रस नव्हता, तिने माझा दंड असा धरला की आठवडाभर नखं मोजता येत होती!" सभागृह हसलं. मागे उभे असलेले वेधशाळेचे संचालकही हसले. तिला वाटलं, आपण उगाच जीव टांगणीला लावून घेतलाय.

वर घुमटात रांगेत पहिले एक जाडजूड गृहस्थ होते, मागे त्यांची बायको.

"घरात नाकासमोरची किल्ली सापडत नाही ह्यांना, सूर्यावरचे डाग दिसणार म्हणे!"

"तू समोर उभी असताना किल्ली दिसणार कशी?"

रांग खिदळली. बाबाही हसले. "या, या," ते म्हणाले. "उजवा डोळा लावा, डावा मिटा."

त्यांनी हात धरून पाहिलाच नव्हता. तिने दुर्बिणीच्या तोंडाकडे बघितलं. काच उघडी होती. बाबांनी मधल्या वेळात धूळ पुसायला काढलेला फिल्टर स्टुलावर होता, पिवळ्या फडक्यात.

तिने त्या गृहस्थांची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं. ते तोल जाऊन बायकोवर आदळले, चष्मा घरंगळत गेला.

"अहो बाई, डोकं फिरलंय का तुमचं?"

"माफ करा," बाबा ओशाळून म्हणाले. "माझी मुलगी आहे. तिला यातलं काही कळत नाही."

तेवढ्यावर भागलं असतं. माफी मागायची, सगळ्यांकडे पाठ करून फिल्टर बसवायचा, कोणाला पत्ता लागला नसता. पुढच्या रविवारी पुन्हा असंच जीव मुठीत धरून उभं राहायचं. आणि एखाद्या रविवारी तिला ताप आला असता. किंवा नुसती कोणी हाक मारली असती.

"बाबा, फिल्टर लावलेला नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

त्या बाईने नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याचे डोळे नीट पाहिले. आधी एक, मग दुसरा.

बाबांनी दुर्बिणीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. "सकाळीच लावला होता मी," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "कोणी काढला?"

संचालक पुढे आले. ते बाबांचेच जुने विद्यार्थी. "सर, आज इथेच थांबू," म्हणाले, आणि फिल्टर उचलून स्वतःच्या हातात घेतला.

जिना उतरताना बाबांनी विचारलं, "त्या माणसाला काही झालं?"

"नाही, बाबा."

"कोणालाच काही झालं नाही?"

"नाही."

"मग का बोललीस?"

तिने कठड्यावरचा त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

बाकी सगळं विसरतात तसं बाबा हेही विसरतील, अशी तिने आशा धरली होती. विसरले असंच वाटलं. पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दाराजवळच्या खुर्चीत बसले. "चल, उशीर होतोय."

तिच्या तोंडून निघून गेलं, "आज ढग आहेत, बाबा. कार्यक्रम रद्द झालाय."

ऊन खिडकीतून थेट त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो," ते म्हणाले. "दाट आहेत." उठून त्यांनी पडदा ओढून घेतला आणि पुन्हा बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

ते गेले तोवर दर रविवारी हेच चाललं. शेवटी शेवटी तर ती तोंड उघडायच्या आधी तेच म्हणत, "आजही ढगच असतील, नाही?"