अण्णाच्या फोटोला हार

युद्ध थांबल्याची बातमी संध्याकाळी टीव्हीवर आली आणि आमच्या अड्यारच्या बिल्डिंगला जणू लॉटरीच लागली. असोसिएशनचे प्रेसिडेंट सेतुमाधव मामा. त्यांनी लगेच कार पार्किंगमध्ये स्पीकर लावला, केक मागवला, दिवाळीचे उरलेले फटाके बाहेर काढले. नाचा! तुमच्या बापाचं काय जातंय? सीमेवर माझा अण्णा, थोरला भाऊ प्रताप, होता आणि त्याचा फोन आलेला नव्हता.

लढाई सुरू झाली तेव्हाच त्याच्या तुकडीतल्या सगळ्यांचे फोन काढून घेतले होते. आई तेव्हापासून धड जेवली नव्हती. गेलेल्यांची नावं लागली की ती टीव्हीचा आवाज बंद करायची आणि नुसते फोटो बघत बसायची.

अशा बाईला मामा सांगायला आले, "वहिनी, खाली चला. आज तुमचा मान."

"प्रतापचा फोन आला की येते."

"अहो, संपलं की सगळं! आता काय व्हायचंय?"

आमचे वडील, अप्पा, बँकेत मॅनेजर, जगाशी गोड. "चल गं, लोक एवढं प्रेमानं बोलावतायत," म्हणाले. प्रेमानं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आई निघाली, म्हणून मीही निघाले.

खाली जाऊन बघते तर काय, खुर्चीवर अण्णाचा वर्दीतला फोटो, मोठा करून आणलेला. समोर दिवा. आणि फोटोला गुलाब-शेवंतीचा जाडजूड हार.

अय्यो! आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं? माणूस गेला, दिवस झाले, की मग फोटो भिंतीवर लागतो आणि त्याला हार. मामा काही परके नव्हेत, आमच्यासारखेच तंजावरचे मराठी. पण सभा-समारंभांत पुढाऱ्यांच्या फोटोंना हार घालून घालून त्यांना एवढंही सुचलं नाही.

आईनं फोटोकडे पाहिलं, मग अप्पांकडे, मग मामांकडे. "तुम्हाला काही कळलंय का?" तिनं विचारलं. "मला आधी का नाही सांगितलं?"

"काय कळायचंय?" मामा हसत म्हणाले. पण आई तिथंच, स्कूटरींच्या मधे, मटकन खाली बसली.

मी हार ओढला. तुटला. फुलं केकवर पडली. "अक्कल गहाण टाकलीय का मामा? माझा भाऊ मेलाय का?"

"रंजनी! मोठ्यांशी असं बोलतात? माफी माग!" अप्पा ओरडले. बायको जमिनीवर बसलीय आणि यांना माफी हवी.

"नाही मागत, जा!"

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"रंजू, मी बरा आहे." अण्णाचा आवाज, पार बसलेला. "आईला देण्याआधी ऐक. सेल्वम गेला. आज सकाळी."

सेल्वम त्याच्याच तुकडीतला, कोवलमचा, कोळ्याचा मुलगा. पोंगलच्या सुट्टीत आमच्याकडे जेवून गेला होता. लढाई सुरू झाल्यापासून त्याची आई आणि माझी आई रोज एकमेकींना फोन करत होत्या, नुसतं 'अजून काही नाही' एवढं सांगायला.

"त्याच्या घरी अजून कळवलेलं नाही," अण्णा म्हणाला. "आमची माणसं जाऊन सांगतील. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस. आईजवळसुद्धा नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली आणि फोन आईला दिला. ती रडली, हसली, परत रडली. स्पीकर पुन्हा सुरू झाला. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला माफ करून टाकलं, मी न मागता. मला त्या हाताला चावावंसं वाटलं.

आणि आईनं, कुणी काही म्हणायच्या आत, कोवलमला फोन लावला. "प्रताप बोलला हो!" ती तमिळमध्ये ओरडून सांगत होती. "आता तुमच्याही पोराचा येईल, बघाच!" मग फोन माझ्या हातात कोंबला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

"कण्णू, बाळा," सेल्वमची आई म्हणाली, "अण्णा माझ्या सेल्वमबद्दल काही बोलला का गं?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

मामांनी फटाक्यांची माळ पेटवली. कानठळ्या बसल्या. मी ओरडले, "बंद करा!" खाली कुणालाच ऐकू गेलं नाही, फोनवर मात्र गेलं.

"वाजवू दे गं," सेल्वमची आई हसून म्हणाली. "आम्हीही आणून ठेवलेत. त्याचा फोन आला की लावणार."