हिरव्या दिव्याआधी

चार काड्या

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. अंगठ्याहून थोडी लांब, गोल, आणि डोक्यावर लाल नखपॉलिशचा एक ठिपका. माझी ताकद पडद्यावर दिसणाऱ्या काड्यांनी मोजतात. गोष्टीच्या सुरुवातीला माझ्यात चार काड्या होत्या, म्हणून ती सलग सांगते. काड्या कमी झाल्या की माझी वाक्यंही तुटायला लागतात.

माझ्या पोटात सुरळीच्या वडीसारखी पातळ पत्र्यांची गुंडाळी आहे. ती कोणी गुंडाळली, ते मला आठवत नाही. आठवतं ते खोकं. त्यात माझ्याशेजारी हुबेहूब माझ्यासारखी दुसरी झोपलेली होती. तंबाखूऐवजी वाफ ओढायच्या यंत्राला, म्हणजे व्हेपला, दोन बॅटऱ्या लागत असतील, तर त्या एकाच खोक्यातल्या घ्यायच्या. भरायच्या एकत्र, रिकाम्या करायच्या एकत्र, आणि त्यांतल्या एकीला तिसरीशी कधी जोडायचं नाही, असा ती ओढणाऱ्या लोकांचा रिवाज आहे. "लग्न लावलंय त्यांचं," असं ते म्हणतात. आमचं लग्न पारेहुइयाने लावलं. दोघींच्या डोक्यावर तिने स्वतःच्या नखांचाच रंग लावला.

पारेहुइया छप्पन्न वर्षांची. ग्लेनिसबाई मुकादम असलेल्या लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीत, मेंढ्यांच्या शेडमध्ये कामाला. कातरणारा मेंढीला मोकळं करतो न करतो, तोच तिने लोकर उचलायची, टेबलावर चादरीसारखी फेकायची, घाण वेचायची, पुढच्या मेंढीआधी कातरणीची फळी झाडून मोकळी करायची. टोळीतले सगळे तिला आंटी म्हणत. चाळीस वर्षं तिने तंबाखू ओढली. मग ईस्टरला तिची मोठी बहीण मेरेआना गेली.

मराएच्या, म्हणजे गोताच्या सभाघराच्या, अंगणात पाहुणे शिरतात, तेव्हा पहिली हाक बाईने द्यायची असते. त्यांच्या घराण्यात ती हाक मेरेआना देई. ती स्वतःच पेटीत निजली, तेव्हा पारेहुइया पुढे झाली. हाक अर्ध्यावर आली आणि खोकला आला. उरलेले शब्द दुसऱ्या कोणीतरी पुरे केले. त्याबद्दल तिला कोणी एक शब्द बोललं नाही. हेच तिला लागलं. पुढच्या ईस्टरला, वर्षश्राद्धासारखा विधी करून, बहिणीच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचं होतं, आणि त्या दिवशी ती हाक तिला एका दमात द्यायची होती. तिकडचा उन्हाळा डिसेंबरातला; त्याच्या तोंडावर तिने तंबाखूची थैली चुलीत टाकली आणि आम्हाला घरी आणलं.

मित्रांनो, मी वाफेचे गोडवे गाणार नाही. वाफ काही औषध नव्हे. जो कधी ओढत नाही त्याने माझ्या वाटेला जाऊच नये, आणि तुमच्यापैकी लहानांना तर दुकानदार आम्हाला दाखवणारही नाही. बुडणाऱ्याच्या हाती आलेलं लाकूड असतं ना, तितकीच माझी किंमत. किनारा आला की लाकूड सोडायचं असतं.

दोन काड्या

शेडमधला दिवस घड्याळावर चाले. पहाटे पाच ते सात काम, मग तासभर न्याहारी. पुन्हा काम, मग अर्ध्या तासाची विश्रांती, तिला ते स्मोको म्हणत. पुन्हा काम, मग तासभर जेवण. दुपारी तेच.

आमचा पहिला चार्जर खोक्याबरोबर फुकट आलेला. स्वभावाने गरीब. अर्धा अँपिअर द्यायचा, तोही चोरून दिल्यासारखा. आम्ही दोघी भरायला सहा तास. घरी चालून गेलं. पण शेडशेजारच्या झोपायच्या खोल्यांत ग्लेनिसबाईंनी दारावर कागद चिकटवला होता: "शेजारी माणूस बसलेला नसेल तर बॅटरी भरायला लावायची नाही." कुठल्याशा दुसऱ्या टोळीत गादी जळाली होती.

"बाई, मी झोपेत एक डोळा उघडा ठेवते," पारेहुइया म्हणाली.

"झोपेत तुझं तोंड उघडं असतं, पारे. सगळ्यांना ऐकू येतं," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "कागद तसाच राहील."

मग उरले न्याहारीचा तास, जेवणाचा तास आणि संध्याकाळचे एक-दोन. ती आमच्याशेजारी इमानाने बसे. पूर्ण भरलं की हिरव्या होणाऱ्या दिव्याकडे बघत राही. दिवा लालच्या लाल. आम्ही भरायचो थेंबाथेंबाने आणि रिकाम्या व्हायचो घोटाघोटाने. शेडवरच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्राच्या पडद्यावर सकाळीच

एक काडी

आणि दिवस अख्खा पडलेला. एक्केचाळिसावा दिवस. तंबाखूविना.

व्हेतू आला. मेरेआनाचा मुलगा. लोकर दाबून गठ्ठे बांधतो. दांडगा.

"आंटी, माझा चार्जर घे. डुकराच्या शिकारीच्या बत्तीचा. चार अँपिअर. फटक्यात भरतो."

"दोन्ही मावतील?"

"एकच मावते. बत्तीची बॅटरी जाडी असते ना. एक स्मोको हिला, एक तिला."

मला घातलं. बहीण टेबलावर राहिली.

मित्रांनो, तहानलेल्याच्या तोंडात नळ कोंबला तर? तसं. अंग तापलं. आणखी तापलं. जांभळं आवरण सुरकुतलं, कडेला फाटलं. व्हेतू बाजूला चहा पीत बसलेला. त्याला वाटलं, होत असेल असंच.

पारेहुइयाने बोट लावलं आणि किंचाळली. "तव्यासारखी झाली की रे!" ओढून काढलं मला.

घंटा झाली. तिने आम्हाला यंत्रात घातलं. मी भरलेली, बहीण रिकामी. यंत्र म्हणालं, जोडी जुळत नाही. बंद.

शून्य

दुपारच्या स्मोकोला ती शेडमागे गेली. मी तिच्या एप्रनच्या खिशात होते. व्हेतू आधीच तिथे विडी वळून ओढत बसला होता. तिने हात पुढे केला. त्याने थैली दिली.

काडी ओढल्याचा आवाज.

एक झुरका. दोन.

मग खोकला. मराएवर आला होता तोच, तिथेच, छातीच्या त्याच पायरीवर.

"तुझ्या आईला मी हाकच देणार नाही बहुतेक," ती म्हणाली.

"आंटी, मी देतो फेकून ही थैली. माझीच चूक."

"तू फेकून काय होतंय? झुरके मीच मारले ना." तिने विडी बुटाखाली चिरडली. "आता पुन्हा पहिल्या दिवसापासून."

त्या रात्रीबद्दल मला काही सांगता येत नाही. एप्रनच्या खिशातल्या बॅटरीला रात्र दिसत नसते.

(भरताना)

सकाळी मेंढ्या ओल्या होत्या. पाऊस असा नव्हे, नुसतं दाट धुकं. पण ओली मेंढी कातरली तर कातरणारे आजारी पडतात, म्हणून प्रत्येकाने दोन-दोन मेंढ्या कातरून बघायच्या आणि चिठ्ठीवर मत द्यायचं: ओल्या की कोरड्या. कातरणारे पाच. लोकर वेचणाऱ्या बायकांना मत नाही. पण तोंड असतं.

"अरे ए, तुमच्या गुडघ्यांना विचारा," पारेहुइया फळीवरून ओरडली. "मागच्या वेळी कोरड्या म्हणालात आणि आठवडाभर म्हाताऱ्यासारखे वाकून चाललात!"

"आंटी, चिठ्ठी गुपित असते."

"असू दे की. मी गुपचूपच सांगतेय."

तीन ओल्या, दोन कोरड्या. सुट्टी झाली. ती व्हेतूला गाडीत कोंबून टे कुइटी गावाला आली, सेमीसीच्या दुकानात; तिथे वाफेची यंत्रं आणि विजेचं सामान मिळे. सेमीसी टोंगा बेटांवरचा, दाराएवढा रुंद आणि आवाज मांजराचा. काउंटरवर पोहोचायच्या आधीच तिने फळीवरच्या एका मोठ्या खोक्याकडे बोट केलं.

"मला सगळ्यात जलद चार्जर दे. तो चारवाला."

"आधी बॅटऱ्या दाखवा, आंटी."

"चार्जर घ्यायला आले, बॅटऱ्या नाही."

"भूक कोणाला आहे ते बघितल्याशिवाय ताट कसं वाढू?"

त्याने मला उचललं. अंगठ्याने फाटलेलं आवरण चाचपलं आणि व्हेतूकडे बघितलं. का कोण जाणे, नेमकं व्हेतूकडेच. व्हेतू पंख्याच्या किमती वाचायला लागला.

"हिला चार दिले होते कोणीतरी. या जातीला दोनच्या वर द्यायचे नाहीत. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय."

"त्या खोक्यावर तर चार लिहिलंय."

"दोघी घातल्या की दोन-दोन वाटून देतो. एकटी घातली की चारही तिच्याच घशात. चुकून एक दिवस एकटी घातली म्हणजे झालं." त्याने खालच्या फळीवरून एक साधा काळा चार्जर काढला. "याला बटण आहे. दोनवर ठेवा आणि विसरा. एक घाला नाहीतर दोघी, प्रत्येकीला दोनच."

"म्हणजे कमी जलद."

"तुमच्या गरीब चार्जरच्या चौपट जलद. जलद किती, ते चार्जरला नाही विचारायचं, आंटी. बॅटरीला विचारायचं."

"भरतील कितीत?"

"दीड तासात."

तिचा चेहरा उतरला. दीड तास तिच्याकडे नव्हताच. ग्लेनिसबाईंचा कागद, न्याहारीचा तास, घंटा, सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि शेवटी, न विचारता, मेरेआनाचंही सांगितलं. सेमीसीने मान खाली घालून ऐकलं.

"आणखी एक जोडी घ्या मग. आलटून पालटून."

"नको. दोन जोड्या झाल्या की मी दुप्पट ओढेन. मी मला ओळखते."

"तर मग तासाने काढा."

"हिरवा दिवा लागायच्या आधीच?"

"तुम्ही काय ताट चाटून पुसेपर्यंत पानावरून उठत नाही?"

"नाही उठत."

"खरंच नाही उठत," व्हेतू म्हणाला.

सेमीसी हसला. "बॅटरी आधी भराभर जेवते. पोट भरत आलं की घास लहान होतात. तासात तीन काड्या भरतील. चौथ्या काडीसाठीच तो सगळा वेळ जातो. सोडून द्या ती चौथी. उलट बॅटरी जास्त टिकेल."

पारेहुइयाने मला हातात घेतलं. चाळीस वर्षं तिला कोणी सांगितलं नव्हतं की पुरेपूर न भरताही उठता येतं.

मग सेमीसीने माझं फाटकं आवरण सोलून काढलं, पिवळी नळी चढवली, आणि बायका केस वाळवतात त्या यंत्राने गरम फुंकर घातली. आवरण अंगाला बसलं. म्हणून मी पिवळी आणि बहीण अजून जांभळी.

तीन काड्या

यापुढचे दिवस चांगले गेले. साडेआठशे मेंढ्या असोत की बाराशे, न्याहारीला आम्ही दोघी चार्जरमध्ये आणि पारेहुइया शेजारच्या बाकावर. सात वाजता आत, आठला दोन मिनिटं असताना बाहेर. दिवा लाल असतानाच. पहिले काही दिवस तिचा हात अडखळला. मग सवय झाली.

एक दिवस व्हेतू आपलं ताट घेऊन तिच्या बाकावर येऊन बसला.

"आई ओरडली असती तुला. एवढा वेळ एका जागी बसतेस."

"तुझी आई बसली असती का?"

"आई? उभ्याउभ्या जेवायची."

"आणि उभ्याउभ्याच हाक द्यायची. दम कुठून आणायची देव जाणे."

मग दोघं मेरेआनाबद्दल बोलत राहिली. गेल्यापासून पहिल्यांदाच. त्या तासाला दुसरं काही करायलाच नव्हतं.

मोजणी पुढे गेली. वीस दिवस. पन्नास. यंत्रात घालायचा निकोटिनचा रस तिने सेमीसीकडून हलका करून घेतला, मग आणखी हलका. जेवणाच्या तासाला आम्हाला भरणं बंद झालं. पुढे न्याहारीलाही कधी भरलं, कधी नाही. बाकावर मात्र ती बसे. बॅटऱ्यांशिवाय. ग्लेनिसबाई येता-जाता म्हणत, "पारे, कशाची राखण करतेस?" ती म्हणे, "माझी."

आणि खरं सांगते, मित्रांनो, मला वाईट वाटलं. बॅटरीचा जन्म भरून रिकामं होण्यासाठी. नुसतं पडून राहणं आम्हाला कळत नाही.

ईस्टरला गाडीच्या खणात आम्ही यंत्रासकट पडून होतो. काच खाली होती. बाहेर माणसांची चाहूल, पोरांची कुजबुज, मग शांतता. आणि मग तिचा आवाज. तो वर चढला, तिथे थोडा थरथरला. मी थांबले. खोकला येईल त्या पायरीवर तो आला आणि पुढे गेला. पुढे, आणखी पुढे, डोंगरापर्यंत, शेवटच्या शब्दापर्यंत. तिकडून पाहुण्यांच्या बाईने उत्तर दिलं.

कापड निघालं, जेवणं झाली, भांडी घासून झाली, तेव्हा कुठे ती गाडीत येऊन बसली. डोळे लाल. सवयीने खण उघडला, यंत्र काढलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"अगंबाई! भरायच्या राहिल्याच की. चार दिवस झाले असतील."

"माझा चार्जर आणू?" व्हेतू खिडकीतून म्हणाला.

"तुझा चार्जर डुकराला लाव!"

ती इतकी हसली की पलीकडच्या गाडीतली माणसं वळून बघायला लागली. यंत्र तिने खणात टाकलं आणि आत उरलेला पाव बांधून घ्यायला निघून गेली.

आता मी सेमीसीच्या दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात आहे. बहीण शेजारीच आहे. टोकांना चिकटपट्टी लावून पारेहुइयाने आम्हाला स्वतः आणून ठेवलं. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या कोणाला कचऱ्यात फेकू नका, तिथे आम्ही पेट घेतो. फाटलेलं आवरण तसंच वापरू नका. आमच्या पोटाला झेपेल तेवढंच वाढा. आणि तुमच्या घरातलं कोणी मोठं माणूस असं लाकूड धरून पोहत असेल आणि एखाद्या दिवशी आम्हाला भरायला विसरलं, तर कृपा करून त्याला आठवण करून देऊ नका.