खुर्चीचा फर्मा

हिवरखेडच्या गोवर्धन सुताराच्या हातचं चाक एकदा बैलगाडीला लागलं की पंधरा वर्षं बघायला नको, असं आजूबाजूच्या गावांत म्हणत. आता म्हणत नाहीत. गाड्यांना रबरी टायर आले, मग गाड्याच गेल्या, आणि सहा वर्षांत गोवर्धनकडे चाक मागायला कुणी फिरकलं नव्हतं. लोक बोलावायचे ते दाराची कडी बसवायला. माणूस हसरा, पण ही गोष्ट त्याला आतून खात होती.

म्हणून अमरावतीहून लेकीचा, साधनाचा फोन आला, की बाळाला मांडीवर घेऊन झुलायला डोलखुर्ची मागवतेय, तेव्हा तो उसळलाच.

"सुताराची पोरगी खुर्ची बाजारातून आणन? मी बनवून देतो तुले."

साधनाने फोटो पाठवला, माहितीही वाचून दाखवली. तिकडे विलायतेत जमिनीवर डोलणारे पाळणे असत. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाळण्याच्या वाकड्या पट्ट्या साध्या खुर्चीच्या पायांना ठोकल्या, आणि डोलखुर्ची झाली.

"ठोकणारा सुतारच असन," गोवर्धन म्हणाला, आणि पुढचं त्याने ऐकलंच नाही.

वाकडी पट्टी म्हटल्यावर विचार कसला करायचा? चाकाच्या गोलाईचा फर्मा, म्हणजे आखणीचा लाकडी साचा, भिंतीला टांगलेलाच होता. तो ठेवून त्याने बाभळीच्या दोन पट्ट्या कापल्या आणि वर सागाची खुर्ची चढवली.

"बसून पाह्यलं का?" त्याच्या बायकोने, पार्बताबाईने विचारलं.

"तिथंच बसन."

गावात रीतच तशी होती. नवी गाडी मालकाच्या दारात उभी राहायची, नारळ फुटायचा, आणि पहिल्यांदा सुतार बसायचा. त्याआधी बसणं म्हणजे आपल्याच कामावर शंका घेणं.

अमरावतीला अंगणात नारळ फुटला. साधनाचे सासरे भगवंतराव, कचेरीतून निवृत्त झालेले आणि जिभेने तिखट, हाताची घडी घालून उभे होते. गोवर्धन ऐटीत बसला, पाठ टेकली, आणि खुर्ची मागे गेली ती गेलीच. पाय आभाळाकडे, टोपी गुलाबाच्या कुंडीत.

"इवाई," भगवंतराव व्याह्याला म्हणाले, "खुर्ची सांगतली होती, तुमी तं खाट आणली."

सगळे हसले. गोवर्धनही हसला. मग त्याने पाहिलं, साधना बाळाला छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली होती. त्याचं हसू जागीच विरलं.

"आठ दिवस दे मले," तो कसाबसा म्हणाला. "बाजारातली मागवू नको."

खुर्ची घेऊन घरी आल्यावर तो बराच वेळ फर्म्याकडे बघत बसला. चाळीस वर्षं हात एकाच गोलाईवर चालला होता, डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"चाकाले निस्तं जाणं मालूम," तो पार्बताबाईला म्हणाला. "खुर्चीले जाऊन वापस या लागते."

त्याने अंगणात खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि मातीत चाकापेक्षा कितीतरी मोठं वर्तुळ ओढलं. वर्तुळ मोठं, म्हणजे पट्टी सपाट. त्या गोलाईवर त्याने नव्या पट्ट्या कापल्या. मागचं टोकही वीतभर लांब ठेवलं, तोल जाऊ लागला तर तिथेच अडावा म्हणून. रीत गेली खड्ड्यात म्हणत या वेळी तो स्वतः वीस वेळा बसला. मग त्याने बाळाच्या वजनाची डाळीची थैली मांडीवर देऊन बायकोला बसवलं.

"बस, झालं. उठ आता."

"काहून उठू?" पार्बताबाई डुलत म्हणाली. "तुमी जा न तिकडं."

नवव्या दिवशी खुर्ची पुन्हा अमरावतीला आली. "सुनेच्या आधी मी पाहातो," म्हणत भगवंतराव नातवाला घेऊन बसले. खुर्ची मागे गेली, थबकली, पुढे आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. सगळे बघत राहिले. थोड्या वेळाने नातू झोपला, आणि त्याच्यामागोमाग तोंड उघडं टाकून आजोबाही.

साधनाने बरीच वाट पाहिली. शेवटी ती बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, ही तं गेली. माह्यासाठी दुसरी बनवा."

"कवा पायजे?" गोवर्धनने विचारलं. सहा वर्षांत हा प्रश्न त्याने कुणाला विचारला नव्हता.