माझ्या श्वासात ठोकलेली खुंटी

मी एक जुनी, पाणी तापवणारी टाकी आहे. घरातले मला गिझर म्हणत. मी स्वतःला टाकीच म्हणवते, कारण आमच्या घराण्यात पाणी बायकांनीच तापवले आहे. माझी पणजी चुलीवरची काळी घागर. धूर तिने सोसला. माझी आजी तांब्याची, पोटात निखारे घेऊन उभी राहणारी. माझी आई पितळेची बादली. तिच्यात विजेची कांडी बुडवत, आणि कोणाला झटका बसला की बोल तिला लागे. या तिघींनी आयुष्यात कोणाला भाजले नाही. भाजले ते मी. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्याची मला लाज वाटते, दुसऱ्याची वाटत नाही. मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका. मध्येच उठायचे नाही.

कारखान्यातून आले तेव्हा मी बाहेरून पांढरीशुभ्र होते आणि आतून काचेसारख्या लेपाने मढवलेली. न्हाणीघराच्या भिंतीवर मला बसवणाऱ्या कारागिराने घरच्या सासूबाईंना बजावले, की वर्षातून एकदा वीज आणि पाणी बंद करून पोटातला गाळ काढायचा. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी पाहायची. ती कांडी माझ्याऐवजी स्वतः झिजते. ती संपली की गंज मला खाऊ लागतो. आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून थेंब पडले तर पडू द्यायचे, पण ती वाट कधीही बुजवायची नाही. आतला जोर वाढला की बाहेर पडायला तेवढीच जागा असते.

सासूबाईंनी सारे पाठ केले. दर वर्षी शाळांना मोठी सुट्टी लागली की त्या हातात पाना घेऊन स्वतः स्टुलावर चढत. धाकटी सून खाली बादली धरून उभी राही. थोरली सून दारातूनच नाक दाबी. विटकरी गाळ बादलीत पडला की सासूबाई म्हणत, "बघ, वर्षभराचं अजीर्ण. माणसाचंही असंच काढता आलं असतं तर या घरात बरीच शांतता झाली असती." थोरलीला तो टोला बरोबर कळे.

हे जग सोडून जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा थोरलीला दिला आणि पाना धाकटीला.

"लोखंड कोणाच्या वाट्याला आलं बघा!" थोरली हसली. "ज्याची त्याची लायकी."

"किल्लीनं पाणी तापत नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली. एवढ्या एका वाक्याची शिक्षा तिने पुढे चार वर्षे भोगली.

धाकटीचा नवरा जहाजावर कामाला होता. वर्षातून एकदा घरी येई. घरात शब्द चाले तो थोरलीच्या नवऱ्याचा, थोरल्याचा. सकाळी पहिली आंघोळ त्याची, आणि त्याची बादली भरून ठेवायची धाकटीने. स्वतः ती सर्वांत शेवटी, मी गार झाल्यावर.

पहिल्याच सुट्टीत ती त्याला म्हणाली, "भाऊजी, हिची कांडी बदलायला झालीय. कारागिराला बोलवू?"

"पाणी तापतंय ना?"

"तापतंय, पण..."

"मग? धडधाकट माणसाला औषध पाजायची हौस आहे का तुला?"

तरीही ती पाना घेऊन स्टुलावर चढली. थोरल्याने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या टेबलाच्या खणात कुलूपबंद केला. तीन वर्षे माझ्याकडे कोणी पाहिले नाही. गाळ साचला, चुन्याचे थर चढले, आणि पाणी तापल्यावर वीज तोडणारा माझा थर्मोस्टॅट त्या थरांत अडकून बसला. मी उकळू लागले. मला थांबता येईना.

अशाच एका सकाळी धाकटीने थोरल्याच्या बादलीसाठी नळ सोडला. पाण्याऐवजी वाफ आणि उकळत्या थुंक्या बाहेर पडल्या. तिचा उजवा हात मनगटापासून वर तळहाताएवढा सोलून निघाला.

किंचाळी ऐकून थोरला आला. त्याने आधी बादलीत डोकावून पाहिले. मग म्हणाला, "नळाखाली धर. ओरडू नकोस, लोक ऐकतील."

"डाग राहील हो," थोरली मागून म्हणाली.

"राहू दे. बघायला कोण आहे? तो तर समुद्रावर."

दोघे हसले. मित्रांनो, मी ते हसणे भिंतीवरून ऐकले. ते पाणी त्याच्या अंगासाठी तापले होते. आळस त्याचा होता, पाना त्याच्या खणात होता. भाजले मात्र मी तिला, जिने माझ्या पोटातला गाळ स्वतःच्या हातांनी उपसला होता. आमच्या घराण्याला एवढा बट्टा कधी लागला नव्हता. त्या दिवशी मी ठरवले, की हा डाग चुकीच्या दारी गेला आहे, तो योग्य दारी पोचवायचा.

पुढे व्हॉल्व्हच्या नळीतून थेंब पडू लागले. न्हाणीघरातल्या नव्या पांढऱ्या फरशीवर तांबूस डाग उठले. धाकटीच्या हातावरचा डाग ज्याला चालला होता, त्याला फरशीवरचा चालेना. त्याने लाकडाची खुंटी तासून आणली आणि त्या नळीत ठोकली.

"आता बघू कशी रडते."

"भाऊजी, ती रडत नाही, श्वास घेते. ती वाट बंद करू नका. फुटेल ती."

"श्वास घ्यायचा असेल तर दोघींनी अंगणात जाऊन घ्या."

धाकटी संधी मिळेल तेव्हा माझे बटण बंद करी. तो चालू करी आणि तिला माहेर काढून बोले. आठ दिवस ती बटणाच्या आसपास घुटमळत राहिली. मी फुटले असते तर ती भिंत पडली असती, आणि भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात तीच असायची.

नवव्या सकाळी मी गुरगुरत होते. खुंटी बोटभर बाहेर आली होती. थोरल्याने नेहमीप्रमाणे हाक मारली, "बादली!"

"आज मी नळ सोडणार नाही," धाकटी दारातूनच म्हणाली. "आधी बटण बंद करा. खुंटीला हात लावू नका."

"आता तू मला शिकवणार?" असे म्हणून तो हातोडी घेऊन स्टुलावर चढला. डाव्या हाताने त्याने नळी धरली आणि उजवा उगारला.

त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मला तो घेता आला असता. पण आमच्या घराण्यात उधळमाधळ नाही. जेवढे घ्यायचे तेवढेच घेतात. पहिल्या घावाला खुंटी तिरपी होऊन उडाली, आणि आठ दिवसांचा कोंडलेला श्वास मी त्याच्या उजव्या हातावर सोडला. मनगटापासून वर, तळहाताएवढा.

तो स्टुलावरून कोसळला आणि लहान पोरासारखा ओरडू लागला. धाकटीने आधी वीज तोडली. मग शांतपणे नळाकडे बोट दाखवले.

"नळाखाली धरा, भाऊजी. ओरडू नका, लोक ऐकतील."

दुपारी कारागीर आला. त्याने मला उघडले. कांडीच्या जागी नुसती तार उरली होती आणि माझ्या तळाला भोके पडत चालली होती. "वर्षाला एक तास दिला असता तर ही अजून दहा वर्षं चालली असती," तो म्हणाला. "आता नवीच घ्या. आणि तुम्ही जिवंत आहात, हे हिचे उपकार समजा."

मित्रांनो, हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. तुमच्याही घरी माझी कोणी बहीण भिंतीवर टांगलेली असेल. मोठ्यांना विचारा, तिचा गाळ शेवटचा कधी काढला, कांडी कधी पाहिली. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा. पाणी तापते आहे, हे उत्तर नव्हे.

मी आता फाटकाजवळ आडवी पडले आहे. नवी टाकी काल बसली. ती बसत असताना थोरला उजवा हात गळ्यात बांधून आला. डाव्या हाताने त्याने खण उघडला होता. पाना त्याने धाकटीपुढे धरला.

"सुट्टी लागली की आठवण कर," तो म्हणाला.

"मला आठवण लागत नाही, भाऊजी. तुम्ही बादली धरायला या."

पाना तिला मिळाला. तो त्याच्याकडे अडकला होता. डाग त्याला मिळाला. तो माझ्याकडे निघत होता. आता मी कोणाचे काही लागत नाही. भंगारवाल्याला बोलवा.