माझे सरकलेले अक्षर

मित्रांनो, जुन्या संगणकाच्या तोंडावर एक अरुंद फट असते. बटण दाबले की तिच्यातून खण बाहेर सरकतो आणि चकती मागतो. तो मी, सीडी ड्राइव्ह. वयाने जुना, आवाजाने तर त्याहून जुना. माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगावी का, याची मलाच शंका आहे. तरी सांगतो.

एका कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बाईने माझे मसुरीएवढे भिंग बसवले आणि माझा जन्म झाला. तिथून मी एका छोट्या कार्यशाळेत आलो. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचे पाऊल वाकडे, अशांसाठी तिथे बूट बनत. संगणक हुकूम देई आणि यंत्र चामडे कापी. गिऱ्हाइकांच्या पावलांची मापे माझ्या चकत्यांवर असत. म्हातारे मालक मला रोज मऊ कापडाने पुसत आणि म्हणत, "हा आहे म्हणून आपण आहोत." ऐकून मला संकोच वाटे.

ते गेले. त्यांची मुलगी, ताई, बूट करू लागली. ताईचा मोठा भाऊ, दादा, माझ्या उघड्या खणावर चहाचा कप ठेवू लागला. चामड्याची धूळ माझ्या घशात साचत गेली.

एका सकाळी संगणक उठेना. त्याला चालवणारी मूळ प्रणालीच बिघडली होती. नव्या संगणकांचे त्या कापायच्या यंत्राशी जमत नसे, म्हणून हीच प्रणाली पुन्हा भरायला हवी होती. समोर बाकावर टपाल वाटणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांचा एक पाय दोन बोटे आखूड, आणि त्या बुटाचा तळ निघालेला. सोमवारी त्यांना कामावर जायचे होते.

माझा खण अडकला होता. ताईने चामडे शिवायची सुई माझ्या बारीक भोकात खुपसून तो उघडला आणि प्रणालीची चकती ठेवली. संगणकाला आधी फ्लॉपीने, म्हणजे जुन्या चौकोनी चकतीने, जागे करावे लागे. मालकांची फ्लॉपी खराब झाल्यामुळे दादाने दुसरी आणली होती. चकतीच्या पाकिटावर मालकांच्या अक्षरात लिहिले होते, 'डी दाबा'. डी हे संगणकाने मला दिलेले अक्षर, जणू माझा घर नंबरच. ताईने डी दाबले. पडद्यावर उत्तर आले : फाईल सापडत नाही.

पुन्हा डी. पुन्हा तेच.

"मेलाय तो," दादा म्हणाला. "कधीचा सांगतोय, भंगारात दे."

"तुझा चहा पिऊनच मेला असेल!" ताई चिडली.

मित्रांनो, मी जिवंत होतो! चकती घेऊन सज्ज बसलो होतो. पण मला कुणी विचारतच नव्हते. नव्या फ्लॉपीने संगणकाच्या स्मृतीत एक तात्पुरती जागा बनवली होती आणि डी हे अक्षर तिला देऊन मला पुढे सरकवले होते. हे मी कसे सांगणार?

मावशी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, मध्ये नवं घर झालं की पुढच्यांचे नंबर सरकतात. मी पत्र परत पाठवायच्या आधी शेजारचं दार वाजवते. तू पुढचं अक्षर दाबून बघ की."

"मावशी, हे काय टपाल आहे?" दादा हसला.

ताईने ई दाबले.

मी गरगरलो. भिंगावर धूळ होती, चकतीवर ओरखडा होता. अर्ध्या वाटेवर अक्षरे पुसट झाली. मी थांबलो, मागे आलो, हळू फिरलो आणि तोच भाग पुन्हा वाचला. सहाव्यांदा जमले नाही. सातव्यांदा जमले. संध्याकाळी मावशींच्या मापाची चकती लागली आणि यंत्र चामडे कापू लागले. दादा स्वतःहून तळ चिकटवायला बसला.

मित्रांनो, आमची धूळ पुसत जा, एवढीच विनंती आहे. आणि कुणी उत्तर देत नसेल, तर त्याला मेला म्हणण्याआधी आणखी एक दार वाजवून बघा. आत कुणीतरी तयार बसलेले असेल.