नऊ तारीख मी उमटवली होती

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. बारा वर्षे मी रोज खरे बोललो आणि फक्त एकदा खोटे बोललो. ते एकदाचे खोटे सांगण्यासाठीच आज तुम्हाला जवळ बोलावले आहे. माझा राग अजून गेलेला नाही. तेव्हा सांगता सांगता आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथला कारागीर डोळ्याला भिंग लावून शिक्के करायचा. त्याने मला लोखंडी चौकट दिली, हाताला गुळगुळीत लागेल अशी काळी मूठ दिली आणि पोटात रबराचे पट्टे बसवले. त्यांवर दिवस, महिना आणि वर्ष कोरलेले होते. बाजूच्या दातेरी चाकांनी ते फिरायचे. पहिला ठसा त्याने कागदावर घेतला, कागद खिडकीकडे धरला आणि म्हणाला, "सरळ उमटला. हा काही कुणाला फसवायचा नाही." मला फार अभिमान वाटला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की शिक्क्याला स्वतःचे हात नसतात!

मी आलो तो एका वकिलांच्या कार्यालयात. इमारत तीन मजली. खाली दारातून आत शिरल्या शिरल्या टपालाचे टेबल आणि त्या टेबलामागे टपालबाई. त्यांना खरे नाव असणारच, पण सगळे त्यांना टपालबाईच म्हणत. सकाळी आल्यावर पाण्याचा घोटही घेण्याआधी त्या माझे चाक एक दात पुढे सरकवत आणि रद्दी कागदावर मला एकदा उमटवून बघत. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद माझ्याखालून जायचा. बाईंची एक सवय होती. कागदावर शिक्का मारला की त्याच कागदाच्या नकलेवर दुसरा शिक्का मारून ती नक्कल आणणाऱ्याच्या हातात द्यायची. याला पोच म्हणतात. माणूस मागो वा न मागो, पोच दिल्याशिवाय त्या कुणाला उठू देत नसत.

दर गुरुवारी दुपारी तिथे मोफत सल्ला मिळे. ज्यांना वकील परवडत नाही, अशी आसपासची माणसे यायची. कुणाला मालकाने घराबाहेर काढलेले, कुणाला कामावरून. खोटे कशाला बोलू, सुरुवातीला ते काम फार मनापासून चाले. मोठे साहेब तेव्हा एवढे मोठे झाले नव्हते. ते स्वतः खाली येऊन लाकडी खुर्चीत बसत, समोरच्याचे सगळे ऐकून घेत आणि मगच पेनाचे टोपण काढत. एका म्हाताऱ्या सुताराला त्यांनी घर परत मिळवून दिले, तेव्हा तो टेबलावर डोके टेकून रडला होता. मी त्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतो. चांगल्या जागी कामाला लागलो, असे मला त्या दिवशी वाटले.

पुढे कार्यालयाचे नाव झाले. वरच्या मजल्यांवर काचेच्या खोल्या आल्या, मऊ खुर्च्या आल्या. पैसे देणाऱ्यांचे कागद लिफ्टने वर जाऊ लागले. गुरुवारची माणसे मात्र झेरॉक्सच्या यंत्राशेजारच्या बोळकांडीत उभी. त्यांचे कागद ठेवायला एक निळा ट्रे केला होता. तो सगळ्यात खालच्या कप्प्यात, पाय पुसण्याच्या फडक्यांशेजारी. मोठे साहेब आता गुरुवारी खाली उतरत ते फोटोपुरते. वर्षाच्या अहवालात तो फोटो पानभर छापत. खाली लिहिलेले असे, 'समाजासाठी आमचे योगदान'. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! पण तेव्हा मीही मूग गिळून गप्प बसलो. मला वाटायचे, आपले काम तारीख सांगण्याचे. बाकीच्यात आपण कशाला पडा?

मग एका गुरुवारी धुलाईबाई आल्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात त्या अकरा वर्षे कामाला होत्या. गरम पाण्याने हाताची बोटे कायमची सुरकुतलेली. तीन तारखेला त्यांना कामावरून काढले होते. आरोप काय, तर चादरींची चोरी. बेचाळीस चादरींचे गाठोडे घेऊन फाटकाबाहेर पडताना पहारेकऱ्याने त्यांना पकडले म्हणे.

"बाई, नोकरी गेली तर मी दुसरीकडे भांडी घासीन," त्या टपालबाईंना म्हणाल्या, "पण चोर म्हणून मला राहायचं नाही हो. माझी मुलगी नर्सिंगला आहे. उद्या तिलाही त्याच फाटकातून आत जायचंय."

"तीस दिवसांत अपील करता येतं," टपालबाई म्हणाल्या. "आज कुठे सहावा दिवस आहे. काळजी करू नका."

त्यांनी मला उचलले, अर्जावर टेकवले, मग नकलेवर टेकवले. नऊ तारीख. दोन्ही ठसे स्वच्छ उमटले. धुलाईबाईंनी नक्कल घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि अर्ज निळ्या ट्रेमध्ये गेला.

मित्रांनो, तो तिथेच राहिला. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. धुलाईबाई दर वेळी येत आणि बोळकांडीत उभ्या राहत. धाकटे वकील, ज्यांच्याकडे हे काम होते, ते घाईघाईने जाता जाता म्हणत, "चालू आहे हं, मावशी." काय चालू होते ते मला विचारा! त्या महिन्यात कार्यालयाला एक पुरस्कार मिळायचा होता, तोही कशासाठी, तर गरिबांना दिलेल्या मोफत मदतीसाठी! धाकटे वकील त्या पुरस्काराचा अर्ज लिहीत बसले होते. फोटो निवडत होते. जिच्यासाठी मदत करायची तिचा कागद खाली फडक्यांशेजारी, आणि मदतीचे वर्णन वर काचेच्या खोलीत. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिक्क्याला तळपाय नसतो, पण आग असते, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला झाडणाऱ्या मामांनी फडके ओढले आणि त्याबरोबर अर्ज बाहेर आला. तीस दिवस केव्हाच संपले होते. धाकटे वकील पांढरेफटक पडले आणि अर्ज घेऊन वर धावले. थोड्या वेळाने मोठे साहेब स्वतः खाली आले, तेही फोटोवाला बरोबर नसताना.

आता मला वाटले, साहेब म्हणतील, चूक आमची, आपण अपिलाच्या अधिकाऱ्यांना तसे लिहून देऊ. वकिलाच्या चुकीमुळे उशीर झाला असेल आणि वकिलाने ते कबूल केले, तर अधिकारी बहुधा उशीर माफ करतात. हे मी त्याच टेबलावर शंभर वेळा ऐकले होते. नुसते कबूल करायचे होते.

साहेब म्हणाले, "टपालबाई, नवा अर्ज टाइप करून घ्या. त्या बाईंना बोलवा, सही घ्या. आवक दहा तारखेची टाका."

"साहेब, आज अकरा आहे."

"म्हणूनच दहा. त्या दहाला आल्या, आपण अकराला दाखल केलं. एका दिवसात. आपल्याला कुणी नाव ठेवायला जागा नको."

"पण त्या नऊला आल्या होत्या. मागच्या महिन्यात."

"बाई, आपण त्यांच्याकडून काही घेतलं का?" साहेब हसून म्हणाले. "धर्माची गाय, दात का नाय, असं करून कसं चालेल? आणि तुमच्या निवृत्तीला किती महिने राहिले? चार ना?"

टपालबाईंनी नवा अर्ज टाइप करायला घेतला. दुपारी धुलाईबाई आल्या. धाकट्या वकिलांनी त्यांना सांगितले, "मावशी, पहिला अर्ज अपुरा होता. तो धरत नाहीत. इथे सही करा." त्यांनी विश्वासाने सही केली. मग टपालबाईंनी माझे चाक धरले आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच मला एक दात मागे फिरवले. मी अडून पाहिले. चाक कुरकुरले. पण हातापुढे शिक्क्याचे काय चालणार? मी दहा तारीख उमटवली. त्या दिवशी बाईंनी पोच दिली नाही.

मी बाईंवरही चिडलो होतो. आजही थोडा चिडलेलो आहे. माणसे म्हणतात, पोटासाठी करावे लागते. असेल. पण ज्या बाईचे पोट गेले होते ती समोरच उभी होती ना!

व्हायचे तेच झाले. मुदत संपल्यावर आलेले अपील म्हणून ते परत पाठवण्यात आले. पुढच्या गुरुवारी धुलाईबाई पुन्हा बोळकांडीत आल्या. मला वाटले, आता या भांडतील. भांडाव्यात, टेबल उलथवावे, मी खाली पडायला तयार होतो. पण त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

"माफ करा हं, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी फुकटात एवढं केलं. मीच वेंधळी. पहिल्यांदा कागद नीट आणले असते तर ही वेळ आली नसती. मुलीला सांगितलंय, चूक माझीच आहे, त्या लोकांना बोल लावू नकोस."

ऐकलेत? चोराच्या उलट्या बोंबा सगळ्यांनी ऐकल्या असतील. पण ज्याचे चोरले त्यानेच येऊन चोराची माफी मागावी, हे मी त्या दिवशी पाहिले. आपल्या कामचुकारपणाचे खापर त्यांनी तिच्या डोक्यावर फोडले, आणि ती ते आपलेच ओझे समजून घेऊन चालली होती.

टपालबाईंचा हात माझ्या मुठीवर होता. त्यांनी मला बाजूला ठेवले.

"तुमच्याकडे पहिली नक्कल आहे का?" त्यांनी विचारले.

"तो कागद? तो धरत नाहीत ना? टाकायचाच राहिला बघा." धुलाईबाईंनी प्लॅस्टिकची पिशवी काढली.

टपालबाई खुर्चीतून उठल्या. बारा वर्षांत इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना ऐकले नव्हते. लिफ्टपाशी थांबलेली माणसेही वळून पाहू लागली.

"तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सहाव्या दिवशी आलात. हा बघा शिक्का, नऊ तारीख. कागद आमच्याकडे पडून राहिला. दहा तारीख खोटी आहे आणि ती मी टाकली. या हातानं. चला, उठा, आत्ताच्या आत्ता अपिलाच्या कचेरीत जाऊ."

त्यांनी पर्स उचलली आणि मला आत टाकले. धाकटे वकील "बाई, बाई" करत दारापर्यंत आले, तिथून पुढे मात्र नाही.

अपिलाच्या अधिकारी एक चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सुनावणीचा दिवस ठरवला आणि मोठ्या साहेबांनाही बोलावले. ते आले नाहीत, कामात असल्याचे कळवले. टपालबाईंनी सगळे शपथेवर सांगितले, स्वतःचा वाटाही लपवला नाही. अधिकाऱ्यांनी मला हातात घेतले, माझे चाक पुढे-मागे फिरवून पाहिले, कोऱ्या कागदावर नऊ उमटवली, दहा उमटवली. मग उशीर माफ झाला. अपील दाखल झाले. आणि चष्मा काढून ठेवत त्यांनी धुलाईबाईंना विचारले, "बोला, त्या चादरींचं काय झालं होतं?"

धुलाईबाई गोंधळून इकडेतिकडे पाहू लागल्या. म्हणाल्या, "सांगू? आजपर्यंत हे मला कुणी विचारलंच नाही."

खरेच की! पहारेकऱ्याने विचारले नाही, रुग्णालयाने विचारले नाही, आणि ज्यांच्या अहवालात 'समाजासाठी आमचे योगदान' छापले होते त्यांनीही विचारले नाही. अर्जाच्या छापील कागदावर पत्ता होता, वय होते, फोन होता. 'काय झाले' याला जागाच नव्हती.

त्यांनी सांगितले. फाटक्या चादरी दर आठवड्याला फाटकाबाहेरच्या शिवणघरात न्यायच्या, तिथे त्यांची पुसणी कापायची, हा धुलाईघराच्या प्रमुखांचाच हुकूम. शिवणघराच्या वहीत अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. पहारेकरी नवा होता, त्याला हे ठाऊक नव्हते. आणि आपल्यावर शेकू नये म्हणून प्रमुखांनी जाणूनबुजून तोंड उघडले नाही. वही मागवली गेली, आली, उघडली गेली. सगळे मिळून अर्धा तास लागला. मित्रांनो, अर्धा तास! एवढ्यासाठी एक बाई चार महिने चोर होती. आज ती पुन्हा धुलाईघरात आहे, आणि त्याच फाटकातून तिची मुलगी शिकायला जाते.

मी आता अपिलाच्या कचेरीत, लोखंडी कपाटातल्या पाकिटात पुरावा म्हणून पडून आहे. टपालबाईंना निवृत्तीच्या तीन महिने आधीच घरी बसवले. पण इथला शिपाई सांगतो की दर गुरुवारी त्या बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे अर्ज लिहून देतात. तेही ऐकून घेऊन. वकिलांच्या कार्यालयात तारीख टाकणारे नवे यंत्र आले आहे आणि त्याची किल्ली साहेबांकडे असते. पुरस्कारही त्यांनाच मिळाला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी शिकाल आणि कुणाला तरी विनामूल्य मदत कराल. जरूर करा. पण फुकट दिलेले काम म्हणजे उरलेसुरले काम नव्हे. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याच्याकडे वाया घालवायला दिवसही नसतात. त्याचा कागद खालच्या कप्प्यात टाकू नका. त्याला आधी विचारा, काय झाले. आणि तुमच्या हातून उशीर झालाच, तर माझ्यासारख्या मुक्या शिक्क्याचे चाक फिरवू नका. ताठ उभे राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा, "उशीर माझ्यामुळे झाला." त्याला पैसे पडत नाहीत, वेळही लागत नाही.

मोठ्या साहेबांनी मात्र ते अजून म्हटलेले नाही.